बुलेटला साइडकार लावली की ती डावीकडं का ओढते, आणि शिकायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांची जुनी ३५० बुलेट आहे, उजव्या पायाला गिअर असलेली, तिला आता डाव्या बाजूला साइडकार बसवून घेतलीये, कारण आईचे गुडघे गेलेत, मागच्या सीटवर टांग टाकून बसता येत नाही आणि तिला जोतिबाला न्यायचंय. बुलेट तुम्ही कॉलेजपासून चालवताय, तरी पहिल्याच दिवशी गल्लीतनं बाहेर काढताना गाडी डावीकडं गटारीकडं गेली, ब्रेक मारला तर उजवीकडं वळली, आणि युट्यूबवर बघून गेलेलं सगळं उलटंच घडायला लागलं. मेकॅनिक म्हणतो तुम्हाला जमत नाही, तुम्हाला वाटतंय त्यानं बसवताना घोळ केलाय.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, साइडकार बसवणं आणि सेटिंग हे त्यातलं माझ्या सगळ्यात आवडीचं काम, आणि बसवून दिल्यावर माणसाला ग्राउंडवर चालवायला लावल्याशिवाय मी गाडी ताब्यात देत नाही. त्यामुळं तुमच्यासारखे बरेच जण बघितलेत, पंधरा-वीस वर्षं बुलेट चालवलेले. आणि एक सांगतो, नवशिक्यापेक्षा या लोकांना जास्त जड जातं, कारण त्यांच्या हाताला दोन चाकांची सवय मुरलेली असते.

आधी गाडीचं काय चालतं ते समजून घ्या. ढकलणारं चाक उजवीकडं, म्हणजे बुलेटचं मागचं चाक, आणि साइडकारचं ओझं डावीकडं, त्याला स्वतःची ताकद काही नाही. बैलगाडीला फक्त उजव्या बाजूला एकच बैल जुंपला तर गाडी डावीकडं फिरणार, आणि तोच बैल मध्येच थांबला तर मागचं ओझं डाव्या अंगानं पुढं रेटून गाडी उजवीकडं फिरवणार, तसंच हे. रेस दिली की डावीकडं, रेस सोडली किंवा ब्रेक मारला की उजवीकडं. ही चूक कुणाचीच नाही, हा त्या गाडीचा स्वभाव आहे, कितीही चांगलं सेटिंग केलं तरी थोडा राहतोच. म्हणून मी शिकवताना पहिलं हेच सांगतो, की साइडकारमध्ये रेस आणि ब्रेक हीसुद्धा हँडलंच आहेत. नुसत्या हातातल्या हँडलनं चालवायला गेलात तर दिवसभर गाडीशी कुस्ती खेळाल आणि संध्याकाळी खांदे धरतील.

आता युट्यूबचं. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले नाहीतर युरोपातले असतात, तिकडं गाड्या रस्त्याच्या उजवीकडनं चालतात म्हणून साइडकार पण उजवीकडं असते, रशियन उरल बघितली असेल तर तीही तशीच. आपल्याकडं डावीकडनं चालायचं म्हणून साइडकार डावीकडं. म्हणजे त्यांनी "उजव्या वळणावर चाक उचलतं" म्हटलं की आपल्यासाठी ते डावं वळण. सगळंच्या सगळं उलटं करून ऐकायचं. तुम्ही ते जसंच्या तसं केलंत, म्हणून नेमक्या चुकीच्या वळणावर सावध राहिलात आणि चुकीच्या वळणावर बिनधास्त. इंग्लंडमधले व्हिडिओ मिळाले तर ते बघा, त्यांची वाहतूक आपल्यासारखी डावीकडनं आहे.

मग मेकॅनिकची चूक आहे का? असूही शकते, न बघता सांगता येणार नाही, पण तपासायची पद्धत सांगतो. दोन्ही टायर आणि साइडकारच्या टायरमधली हवा बरोबर करा, साइडकारमध्ये आईच्या वजनाच्या निम्म्याइतकी तरी वाळूची पोती ठेवा, मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० च्या स्पीडनं एकसारखी रेस धरून चाला. रेस वाढवायची नाही, कमी करायची नाही. आता हाताची पकड ढिली करा, सोडू नका, फक्त ढिली. गाडी सरळ जात असेल आणि फक्त रेस दिल्यावर डावीकडं, सोडल्यावर उजवीकडं जात असेल तर सेटिंग ठीक आहे, राहिलं ते तुमच्या सरावाचं. पण एकसारख्या रेसवर पण सतत डावीकडंच ओढत असेल तर मेकॅनिककडं परत जा. एक लक्षात ठेवा, आपले डांबरी रस्ते पाणी जायला कडेला उतरते असतात, डाव्या कडेनं गेलात तर साइडकार उताराच्या बाजूला येते आणि चांगली गाडी पण डावीकडं ओढते. म्हणून ही टेस्ट सकाळी रिकाम्या रस्त्याच्या मधोमध करा, किंवा एखाद्या कारखान्याच्या मोठ्या काँक्रीट यार्डात.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी मुख्य. एक म्हणजे बुलेट साइडकारपासून थोडी बाहेर, म्हणजे उजवीकडं झुकलेली पाहिजे, अगदी थोडी, एक-दोन डिग्री, तुम्ही सीटवर बसलेले असताना. लोकांना बुलेट काटकोनात उभी दिसली की बरं वाटतं, पण तशी ठेवली की माणूस बसल्यावर आणि साइडकार भरल्यावर ती आत झुकते आणि मग डावीकडं ओढतेच ओढते. दुसरी म्हणजे साइडकारचं चाक बुलेटच्या चाकांना अगदी समांतर नको, पुढच्या बाजूला किंचित आत आलेलं पाहिजे. हे नजरेनं होत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे दोन सरळ चॅनल घ्या, गाडीपेक्षा लांब. एक बुलेटच्या दोन्ही टायरना चिकटवून जमिनीवर ठेवा, तुमच्या मॉडेलला पुढं-मागं दोन्हीकडं ३.२५ बाय १९ चाच टायर आहे त्यामुळं हे सोपं पडतं, दुसरा साइडकारच्या चाकाला लावा. मग पुढच्या चाकाच्या पुढं दोन चॅनलमधलं अंतर मोजा आणि मागच्या चाकाच्या मागं मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ ते २० एमएमनं कमी भरलं पाहिजे. नेमकं किती ते साइडकार किती रुंद आणि किती जड यावर आहे, मी १५ च्या आसपास सुरुवात करतो आणि टायर बघून कमीजास्त करतो.

टायर बघून म्हणजे कसं, तर शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर साइडकारच्या टायरवरनं तळहात आडवा फिरवा, आधी आतनं बाहेर मग बाहेरनं आत. एका दिशेनं गुळगुळीत लागलं आणि उलट्या दिशेनं रबराच्या बारीक धारा हाताला टोचल्या, कानशीवर उलटा हात फिरवल्यावर लागतात तशा, तर ते चाक सरळ फिरत नाहीये, तिरकं घासत चाललंय. डोळ्याला तेव्हा काहीच दिसत नाही, हाताला कळतं. दोन्ही दिशेनं सारखं लागलं की सेटिंग जमलं. हे बघणारा मेकॅनिक असेल तर त्याला सोडू नका.

अजून एक, साइडकारच्या चाकाचा आक्स, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, बुलेटच्या मागच्या आक्सच्या थोडा पुढं पाहिजे, सहा ते नऊ इंच वगैरे. दोन्ही एका रेषेत असतील तर उजव्या वळणाला गाडी बेभरवशाची होते. आणि जोडणी चार ठिकाणी पाहिजे, दोन खाली दोन वर. तीन पॉइंटवर लटकवलेली साइडकार मी रस्त्यावर काढू देत नाही. हँडल २५-३० च्या स्पीडला थरथरतं का ते तुम्ही लिहिलं नाही, पण थरथरणार, थोडं सगळ्यांचंच थरथरतं. जास्त असेल तर आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, आणि मागच्या स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमचे बुश बघा, ते झिजलेले असतील तर बाकी काय पण करा उपयोग नाही. ते ठीक असेल तर हँडलची थरथर दाबणारा स्टिअरिंग डँपर लावून घ्या.

आता शिकण्याचं. जागा म्हणजे एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी सगळ्यात बरे, रुंद असतात आणि ट्रक नसतात, नाहीतर एखादं मोकळं मैदान जिथं सकाळी खेळायला पोरं आलेली नसतील. आईला आत्ता बसवू नका, कुणालाच बसवू नका, साइडकारमध्ये वाळूची पोती, ४० किलोपर्यंत, चाकाच्या वर किंवा जरा मागं, नाकाकडं अजिबात नाही, आणि दोरीनं बांधलेली.

पहिली सवय मोडायची ती पाय खाली टेकायची. थांबताना तुमचा डावा पाय आपोआप खाली जाणार, आणि तिथं आता साइडकारची फ्रेम आहे. गाडी पूर्ण थांबलेली नसताना पाय टेकला तर फ्रेमचा पाइप मागनं येऊन घोट्यावर बसतो. ही गाडी पडत नाही, पाय टेकायची गरजच नाही, पण हे शरीराला पटायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला नुसतं फर्स्टमध्ये दहा फूट जायचं, थांबायचं, दोन्ही पाय फूटरेस्टवर. परत दहा फूट. कंटाळा येईपर्यंत करा. तुमच्या गाडीला मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे, तो पाय ब्रेकवरच राहिला पाहिजे हे एक अजून कारण.

दुसरी सवय हँडलची. बुलेट वेगात डावीकडं वळवताना तुम्ही नकळत डावं हँडल हलकंसं पुढं ढकलता, गाडी झुकते आणि वळते, हे करताना कुणाला कळत पण नाही. साइडकारची गाडी झुकतच नाही. इथं डावं हँडल पुढं ढकललं की पुढचं चाक उजवीकडं वळलं आणि गाडी सरळ उजवीकडं गेली. इथं रिक्षासारखं, जिकडं जायचं तिकडं हँडल वळवायचं, आणि मनगटानं नाही, पूर्ण खांद्यानं, एका हातानं ओढत आणि दुसऱ्यानं ढकलत. हळू स्पीडला हे सगळ्यांना जमतं. गडबड होते ती ३५-४० ला, अचानक काही आडवं आल्यावर, कारण घाबरल्यावर हात जुनं तेच करतो. म्हणून सेकंडमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत राहा, हात विचार न करता वळवायला लागेपर्यंत.

मग डावं वळण. साइडकारच्या बाजूला वळताना सगळा जोर उजवीकडं जातो आणि साइडकारचं चाक जमीन सोडतं, साइडकार रिकामी असेल तर फार लवकर. हे तुम्ही मुद्दाम करून बघायचं, मोकळ्या ग्राउंडवर, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, हेल्मेट, बूट, ग्लोव्हज घालून. पोती कमी करा, डावीकडं गोल गोल फिरा आणि हळूहळू स्पीड वाढवा. चाक हलकं झालेलं आधी सीटमधून कळतं. वीतभर उचललं की हँडल थोडं सरळ करायचं आणि रेस हलक्या हातानं कमी करायची, चाक खाली येतं. घाबरून जोरात ब्रेक दाबू नका. चार-पाच वेळा उचलून खाली आणलं की भीती जाते.

पण रस्त्यावर हाच उपाय घातक ठरतो, हे मी दरवेळी ठासून सांगतो. डाव्या वळणात चाक उचललं, तुम्ही हँडल सरळ केलं, म्हणजे तुम्ही कुठं गेलात? उजवीकडं, समोरच्या गाडीच्या लेनमध्ये. रेस सोडली की पण उजवीकडं, ब्रेक मारला की पण उजवीकडं. म्हणजे चुकलेल्या डाव्या वळणात सुटायचे सगळे रस्ते समोरच्या एसटीकडंच जातात. म्हणून वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, स्पीड कमी करायचा, गिअर पाडायचा, आणि वळणात शिरल्यावर हलकी रेस धरून ठेवायची. ती रेस गाडीला आपोआप डावीकडं फिरवते, तुमच्या हातावरचा भार निम्मा होतो. सोबत अंग डावीकडं, साइडकारकडं झुकवा, तेवढंही वजन कामाला येतं.

उजवं वळण सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा असतंच. तिथं रेस थोडी सोडली की गाडी स्वतःच वळते. पण फार जोरात गेलात तर साइडकारचं नाक दबतं आणि बुलेटचं मागचं चाक उचलतं, आणि ते आल्याचं कळायला वेळच मिळत नाही, सावरता पण येत नाही. म्हणून नाकात वजन ठेवायचं नाही म्हटलं. सामान मागच्या बाजूला.

ब्रेकचा सराव वेगळा करा. २० वरनं, मग ३० वरनं, मग ४० वरनं, खडूची रेघ मारून तिच्यावर थांबायचं. हँडल किती डावीकडं धरून ठेवलं की गाडी सरळ थांबते हे हाताला कळलं पाहिजे. साइडकारच्या चाकाला ब्रेक आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, नसेल तर माझं मत आहे की आईला घाटात नेणार असाल तर तो बसवून घ्या. जुन्या बुलेटचे दोन्ही ब्रेक ड्रमचे, मूळ गाडी साधारण १६५ किलो, त्यात साइडकारचे ८०-१०० किलो आणि दोन माणसं, हे सगळं त्या दोन ड्रमवर टाकणं मला पटत नाही. इंजिन पण १८ बीएचपीचंच आहे, आता ते ओढेल पण सावकाश, म्हणून पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक दात कमीचं टाका, चढाला क्लच जाळावा लागणार नाही.

रुंदीचा अंदाज यायला रस्त्यावर खडूनं रेघ मारून साइडकारचं चाक त्या रेघेवरनं न्यायचा सराव करा. तुमची नजर बुलेटच्या मधोमध असते आणि ते चाक मीटरभर किंवा जास्त डावीकडं, म्हणून गटारीत जातं. खड्डा चुकवायची जुनी सवय पण सोडा, एका चाकाखालचा खड्डा चुकवला की दुसऱ्याखाली येतो, त्यापेक्षा स्पीड कमी करून आत घालून काढा. स्पीडब्रेकरला तीन धक्के बसतात, तिन्ही हळू. महाद्वार रोड आणि बिंदू चौकाकडं पहिले काही महिने नकोच, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं असेल तर आधी जेवढं अंतर लागायचं त्याच्या दुप्पट धरा, बुलेट आता पहिल्यासारखी पळत नाही आणि मधनं सटकायला लागते तेवढी जागा पण नसते.

रिव्हर्स गिअर नाही हे लक्षात ठेवून पार्किंग करा. तोंड बाहेरच्या बाजूला, उतारावर नाक खाली घालून लावू नका, परत मागं ढकलायला तीन माणसं लागतील. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड.

जोतिबाचा विचार आता. केर्लीहून वर चढताना काही त्रास नाही, रेस चालू असते, गाडी डावीकडं ओढते ती हातानं धरता येते. उतरताना बघा. इंजिनाचा ब्रेक लागलेला असतो, म्हणजे गाडी सारखी उजवीकडं जायला बघते, दरीची वळणं असोत नाहीतर डोंगराची. डावं वळण दिसलं की आधीच सेकंडला या, अगदी हळू शिरा, आणि उतार असला तरी वळणात रेस किंचित उघडा. आधी पोती घेऊन एकट्यानं वर जाऊन या, एखाद्या आडवारी, रविवारी तिथं गर्दी असते आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर जायचं नावच काढू नका. मग जाडजूड मित्र बसवून जा. मग आई.

कागदाचं पण आत्ताच बघून टाका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे, त्यामुळं लायसन वेगळं लागत नाही. पण गाडीत बदल केलाय, तर त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओकडनं मंजुरी आणि आरसीवर नोंद पाहिजे, आणि इन्शुरन्सवाल्यांना पण कळवा. नोंद नसताना काही झालं तर क्लेम अडतो, आणि बसलेली माणसं घरचीच असतात.

आईला बसवताना गाडी बंद, फर्स्ट गिअरमध्ये, आणि पुढचा ब्रेक तुमच्या हातात. आधी पाठ करून सीटच्या कडेवर टेकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, गुडघ्यांना त्रास होत नाही. दार नसलेली साइडकार असेल तर पत्र्याची एक पायरी वेल्ड करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. हेल्मेट त्यांना पण. आणि पदर घट्ट खोचलेला, शाल असेल तर मांडीखाली दाबलेली, साइडकारचं चाक त्यांच्या अगदी कडेला फिरत असतं आणि वाऱ्यानं कापड तिकडंच जातं. मडगार्ड आणि सीटच्या मधल्या फटीला जाळी मारून घ्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चारही जोडण्यांचे नट पान्यानं परत आवळा, स्पोक बोटानं वाजवून बघा, ढिला स्पोक बद्द आवाज देतो, आणि चॅनल लावून घेतलेली मापं मला कळवा, एवढ्या मापांवरनं मेकॅनिकचं काम कसं झालंय ते सांगता येईल.